किल्ला चढूनही काटा 73.4 वरच! काय बदलू?

चढउतार · 14 एप्रिल, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबण लागेल, आधीच माफी मागते.

मी 44 वर्षांची, उंची 5 फूट 2 इंच, राहायला साताऱ्यात सदर बझारला. नोकरी टेबलखुर्चीची. दिवाळीच्या फराळानंतर वजन केलं तर 81.6. त्याच आठवड्यात सकाळी चालायला लागले. पहिल्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापाशी पोचेपर्यंत तीनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा सत्तरीच्या एक आजी, हातात फुलांची परडी, किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळाला निघालेल्या, माझ्याकडे बघून "बस हो थोडी" म्हणून पुढे गेल्या. त्या दिवशी ठरवलं, या आजींच्या बरोबरीनं अजिंक्यताऱ्यावर जायचं.

डिसेंबरपासून सोमवार ते शनिवार, पावणेसहाला घर सोडायचं आणि किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाऊन यायचं, असा नेम आहे. चहातली साखर बंद केली, रात्रीचा भात बंद केला. वजन असं उतरत गेलं की मलाच खोटं वाटायचं. 15 फेब्रुवारीला 73.4.

आज 14 एप्रिल. आजही 73.4. मधे एकदा 72.9 दिसलं, मी शेजारणीला सांगून आले, दुसऱ्या दिवशी 73.9. दोन महिने झाले, नेम एकदाही चुकवलेला नाही. सुरुवातीला वर जायला 52 मिनिटं लागायची, आता 38 लागतात. पूर्वी घामानं ओढणी भिजायची, आता वर जाऊन गप्पा मारते. थायरॉइड तपासलं, नॉर्मल आहे. साखर नॉर्मल.

प्रश्न एवढाच: आता आणखी चालू का? संध्याकाळीही जाऊ? की धावायला लागू? गुडघा उतरताना थोडा कुरकुरतो, म्हणून धावायची भीती वाटते.

---

अर्धा_चहा · 14 एप्रिल, रात्री 9.58

कासच्या पायथ्याशी राहून वजनाला पठार लागलं म्हणून तक्रार करताय? आमच्याकडे त्याला तिकीट लावतात.

(गंमत हो. उत्तर माहीत नाही, वाचायला बसलोय.)

---

उपाशी_पोपट · 14 एप्रिल, रात्री 10.15

ताई, सोपं आहे. सकाळचा नाश्ता बंद. दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच खायचं. गहू बंद, भात बंद. किल्ला रिकाम्या पोटी चढायचा. मी दोन महिन्यांत 9 किलो उतरवलंय. शरीराला धक्का दिल्याशिवाय ते हलत नाही.

---

भौतिकमास्तर · 15 एप्रिल, सकाळी 7.05

चढउतारताई, शाळेला सुट्टी लागायची आहे अजून, पण हे गणित बघून हात शिवशिवले.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 740 मीटरवर, किल्ल्याचा माथा हजाराच्या आसपास. तुम्ही दरवाजापर्यंत जाता, तेव्हा चढण ढोबळमानानं 250 मीटर धरू. 81.6 किलोचं शरीर 250 मीटर वर न्यायचं म्हणजे 200 किलोज्यूल काम, म्हणजे 48 कॅलरी (आपण आहारात म्हणतो त्या, किलोकॅलरी). स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात, वीस ते पंचवीस टक्के धरा. म्हणजे निव्वळ चढण्याचा खर्च 190 ते 240. आता 73.4 किलोला तोच खर्च 170 ते 215.

फरक किती? वीस-पंचवीस कॅलरी. आणि इथे एक गोष्ट नीट बघा: 52 मिनिटांत चढा नाहीतर 38 मिनिटांत, उंची तीच, वजन तेच, तर चढण्याचं कामही तेच. म्हणजे "शरीराला सवय झाली म्हणून किल्ला फुकट जातोय" हे जे सगळे सांगतात, ते निदान चढणीच्या बाबतीत फारसं खरं नाही. आठ आठवड्यांचा हा सगळा फरक गोळा केला तरी दीडशे ग्रॅम चरबी होत नाही.

मग बाकीचं गेलं कुठे? आठ किलो हलकं शरीर नुसतं पडून असतानाही कमी खर्च करतं. नेहमीच्या सूत्रानं किलोमागे दिवसाला 10 कॅलरी, म्हणजे इथे 80 गेल्या. तुमचं वजन आधी आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरत होतं, याचा अर्थ रोज साधारण 600 कॅलरींची तूट होती. त्यातल्या शंभराचा हिशेब लागला. पाचशे कुठे आहेत?

दोन गोष्टी सांगा. फोनमध्ये पावलं मोजली जात असतील तर डिसेंबरची सरासरी आणि आत्ताची सरासरी. दुसरं, किल्ल्यावरून आल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करता, ते.

---

चढउतार · 15 एप्रिल, रात्री 8.30

मास्तर, तुम्ही मला शाळेत असता तर मी गणितात पास झाले असते.

फोन बघितला आणि गप्प बसले. डिसेंबरची सरासरी 11,400. मार्चची 8,100. किल्ला तर तोच आहे! मग कळलं. डिसेंबरमध्ये मी ऑफिसला पायी जायचे, दीड किलोमीटर आहे, दोन्ही वेळा. आता "सकाळी किल्ला झालाय ना" म्हणून स्कूटी काढते. मंडईला पायी जायचे, तिथेही स्कूटी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चक्कर मारायचे, आता खुर्चीत डोळे मिटून बसते. रविवारी तर सकाळी झोपून दुपारीही झोपते. याची मला खरंच कल्पना नव्हती.

---

भौतिकमास्तर · 15 एप्रिल, रात्री 9.10

3,300 पावलं म्हणजे सव्वादोन किलोमीटर. 80 ते 100 कॅलरी. आता 400 चा पत्ता लावायचा आहे. त्यातल्या काही शरीरानं स्वतः काटकसर करून वाचवल्या असतील, ते सूत्रात बसत नाही. बहुतेक मात्र ताटात आहेत.

---

चढउतार · 15 एप्रिल, रात्री 9.14

ताटात नाहीत हो. भात बंद आहे, साखर बंद आहे.

---

आयर्विन · 15 एप्रिल, रात्री 10.40

मी सांगलीची, वय 47. तुमचं शेवटचं वाक्य मी स्वतः दोन वर्षांपूर्वी जसंच्या तसं लिहिलं असतं, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे किल्ला नाही. सांगली ताटासारखी सपाट, चढ म्हणावा तर पुलावरचा. मी आमराईत फेऱ्या मारायचे, आठ फेऱ्या, रोज, मोजून. 79 वरून 71 ला आले आणि तिथेच सहा महिने बसले. फेऱ्या आठच्या बारा केल्या. काही नाही. बारा केल्यावर भूक एवढी लागायची की संध्याकाळी भडंगाचा डबा पुढ्यात घेऊन बसायचे. भडंग हलकं असतं ना, चुरमुरेच तर असतात! त्यातलं तेल आणि शेंगदाणे कोण मोजतो.

मुलीनं एक दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे ठेवला आणि म्हणाली, आई, सात दिवस काहीही बंद करू नकोस, फक्त खाण्याआधी काट्यावर ठेव. मला राग आला होता. पण केलं. तुम्हीही करा. डाएट नको, नुसती नोंद करा. आणि वजन रोज बघून आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसाच्या आकड्याला शेजारणीकडे नेऊ नका. आपल्या वयात पाळी मागेपुढे होते, चार दिवस पाणी धरून दीड किलो वर दाखवतं आणि आपण उगाच जेवण सोडतो.

---

लाल_माती · 16 एप्रिल, सकाळी 6.20

कराडकडचा हाय. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो, नंतर कारखान्यात लागलो आन् पोट सुटलं. ऑलिंपिक पदकवाल्या पैलवान खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरातनं रोज जातो, लाज वाटते.

ताई नुसतं चालून भागत न्हाई. चालणं म्हणजे अंग मोकळं करणं. मेहनत म्हणजे जोर आन् बैठका. आमचं वस्ताद म्हणायचं, पैलवानाला पळवा, पण पळून आल्यावर बैठका मारल्या न्हाईत तर ते पळणं पाण्यात. 50 बैठकांपास्नं सुरू करा, रोज 5 वाढवा.

---

गुडघेमित्र · 16 एप्रिल, दुपारी 1.15

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय. लाल_माती यांच्याशी मुद्द्यावर सहमत, आकड्यावर नाही. ज्या बाईचा गुडघा उतरताना कुरकुरतो तिनं पहिल्या आठवड्यात 50 खोल बैठका मारल्या तर दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे येते. मला धंदा मिळेल, पण नको.

चढउतार, तुमचा व्यायाम सगळा एकाच जातीचा आहे. हृदय आणि दम सुधारला, 52 ची 38 मिनिटं हा त्याचा पुरावा, आणि ती मोठी कमाई आहे, काटा काहीही म्हणो. पण आठ किलो उतरले त्यात थोडा स्नायूही गेला असणार. वजन उतरवताना ताकदीचा व्यायाम नसेल आणि जेवणात प्रथिनं कमी असतील तर तसं होतंच. चाळिशीनंतर गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सल्ल्यातही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंसाठी व्यायाम, असं दोन्ही सांगितलंय. आपल्याकडे पहिलं वाक्य वाचून लोक पान उलटतात.

म्हणून संध्याकाळची फेरी वाढवू नका. उलट किल्ल्याचे दोन दिवस कमी करा आणि तिथे घरी 35 मिनिटं हे करा:

खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं. पायरीवर एका पायानं चढणं-उतरणं, पायरी बुटकी घ्या. आणि वाकून, पाठ सरळ ठेवून, पाच लिटरचा पाण्याचा कॅन कोपर मागे नेत पोटाकडे ओढणं. प्रत्येकाच्या 8 वेळा, तीन फेऱ्या, मधे मिनिट-दीड मिनिट थांबून. "अजून दोन झाले असते" असं वाटतं तिथे थांबायचं. 8 सोपे वाटले की 9, मग 10, 12 ला पोचलात की वजन वाढवायचं आणि परत 8 वर यायचं. हे वाढवत नेणं हाच सगळा व्यायाम आहे. सहा महिने तोच पाच लिटरचा कॅन उचलत बसलात तर परत इथे धागा काढाल.

कुरकुरणाऱ्या गुडघ्यासाठी: उतरताना पावलं लहान, गुडघा किंचित मोडलेला, घाई नाही. दुखायला लागलं, सूज आली, तर नेट बंद करून कुणाला तरी दाखवा.

एक इशारा देऊन ठेवते. पहिले दोन-तीन आठवडे वजन वाढेल. नवीन व्यायामानं स्नायू थोडे सुजतात, पाणी धरतात, शिवाय ते साखरेचा साठा करतात आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं. तेव्हा रडत येऊ नका. आजच कंबर मोजून ठेवा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता.

---

उपाशी_पोपट · 16 एप्रिल, दुपारी 2.02

एवढं सगळं करण्यापेक्षा 16 तास उपास सोपा. माझे 9 किलो खोटे आहेत का?

---

भौतिकमास्तर · 16 एप्रिल, संध्याकाळी 6.45

खोटे नाहीत. एका वेळचं जेवण गेलं की कॅलरी जातात, वजन उतरतं. ज्याला झेपतं त्यानं करावं. पण ताईंना "धक्का द्या" म्हणालात त्याबद्दल बोलतो.

1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना परत कसं खायला घालायचं हे समजून घ्यायचं होतं. त्या पोरांना आठवड्याला 35 किलोमीटर चालायची सक्ती होती. ते चालले. पण बाकीच्या वेळी ती पोरं हलेनाशी झाली. दिवसभर अन्नाचाच विचार करायची, कशात मन लागेना. शरीरानं पडून असतानाचा खर्चही घटवला. आणि काट्यावर? पायांवर पाणी चढायचं, त्यामुळे चरबी जात असूनही वजन थांबल्यासारखं दिसायचं.

ताईंनी तेवढे हाल केलेले नाहीत. पण किल्ला उतरून आल्यावर खुर्चीत डोळे मिटणं, स्कूटी काढणं, हे त्याच जातीचं आहे. त्यावर आणखी धक्का देऊन काय होणार? ताई दुपारी आणखी गाढ झोपतील.

दुसरी बाजूही सांगतो. टांझानियातले हाद्झा लोक शिकार करून, कंद खणून जगतात, दिवसभर पायांवर असतात. 2012 साली त्यांचा खर्च मोजून प्रसिद्ध झाला, तर शरीराच्या मापाच्या हिशेबात दिवसाचा एकूण खर्च बैठ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. व्यायाम दुप्पट केला की खर्च दुप्पट होतो असं शरीराचं दुकान नाही, ते एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकतं. म्हणून संध्याकाळी परत किल्ला, याला माझाही विरोध.

---

उपाशी_पोपट · 16 एप्रिल, संध्याकाळी 7.30

ठीक आहे मास्तर. पण भूक लागल्यावर पाणी प्यावं हे तरी मान्य करा.

---

अर्धा_चहा · 16 एप्रिल, संध्याकाळी 7.33

मान्य. ठराव मंजूर.

---

घाटधावक · 17 एप्रिल, सकाळी 8.10

मी हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव करतो. मधल्या एका मुद्द्याची भर.

किल्ल्याची एकच चाल आहे तुमची: सुरुवातीपासून शेवटपर्यंत गप्पा मारता येतील अशी. ती ठेवाच, पण आठवड्यातला एक दिवस वेगळा करा. चार भिंतींपर्यंतचाच रस्ता घ्या. दहा मिनिटं सावकाश चाला, मग एक मिनिट असं चढा की बोलताना दोन-तीन शब्दांत दम तुटला पाहिजे, मग दोन मिनिटं रमत. असं सहा वेळा. धावायची गरज नाही, चढावर जोरात चालणं गुडघ्याला धावण्यापेक्षा मऊ जातं, दम मात्र तेवढाच लागतो. त्यानं कॅलरी फार जास्त जळतात असं नाही (मास्तर रागावतील), पण कंटाळा जातो, आणि कंटाळा हाच निम्मा आजार असतो. किल्ला रोज चढणाऱ्या कितीतरी लोकांना मी तीन-चार वर्षं त्याच पोटासकट बघतोय.

---

चढउतार · 23 एप्रिल, रात्री 9.20

आयर्विनताई, सात दिवस काटा वापरला. लिहायचीही लाज वाटतेय, पण धागा मी काढलाय तर लिहायला हवं.

भात बंद केला म्हणून रात्री दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी म्हणजे तोंडी लावणं, असं मी समजायचे. काट्यावर ठेवली: एका जेवणाला 30 ग्रॅम, वर कच्चं तेल एक चमचा. दोन्ही मिळून 200 च्या वर. मास्तरांनी काढलेली किल्ल्याची अख्खी चढण एका वाटीच्या तळाशी संपली. दोन्ही जेवणांना चटणी असते ती वेगळीच.

ऑफिसात दुपारचा चहा गोड, कारण तिथला चहा साखरेसकटच येतो. घरचा बिनसाखरेचा असतो म्हणून मी "साखर बंद" म्हणत होते. रविवारी किल्ल्याला सुट्टी म्हणून आम्ही चौघी मिसळ खायला जातो, जादा कट, दोन पाव, कधी तीन. आणि कुणाचा वाढदिवस, बढती, बदली, मुलगा पास झाला, की टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा. मार्चमध्ये आमच्या कचेरीत सात जणांच्या बदल्या झाल्या.

मास्तर, चारशे सापडले. वर थोडे जास्तच.

प्रथिनांचीही नोंद केली, दिवसाला 40 ग्रॅमच्या आत. गुडघेमित्र, किती हवीत?

---

गुडघेमित्र · 23 एप्रिल, रात्री 10.05

मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजन उतरवणाऱ्या माणसाला किलोमागे 1.2 ग्रॅमच्या आसपास. तुम्हाला 85-90. एकदम नका उडी मारू. एका अंड्यात 6 ग्रॅम. कोरेगावचा वाघ्या घेवडा तुमच्या दारात पिकतो, वाळलेल्या 100 ग्रॅम दाण्यात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. मटकी, हुलगे, दही, ताक. हुलग्याचं माडगं घरात कुणाला येतं का? चटणी बंद करू नका, तीसच्या जागी दहा ग्रॅम घ्या. बंद केलेल्या गोष्टी भिंतीवर चढून परत येतात.

---

चढउतार · 23 एप्रिल, रात्री 10.12

सासूबाईंना येतं माडगं. सांगितलं तर त्यांना आनंदच होईल, एरवी सूनबाई त्यांचं काही खात नाही अशी ख्याती आहे.

ठरवलं ते लिहून ठेवते, म्हणजे फिरता येणार नाही. सोम, गुरू किल्ला. मंगळ, शुक्र घरी ताकदीचा व्यायाम. शनिवारी चार भिंतींचा चढ घाटधावक म्हणतात तसा. बुधवारी सकाळी काही नाही. ऑफिस रोज पायी, जाऊन-येऊन. रविवारी मिसळ राहील, महिन्यातून दोनदा. स्कूटीची चावी नवऱ्याकडे दिली आहे. कंबर 94 सेंटीमीटर.

---

चढउतार · 3 मे, सकाळी 7.15

74.1.

---

गुडघेमित्र · 3 मे, सकाळी 7.40

मी काय लिहिलं होतं? इशारा देऊन ठेवते म्हणाले होते ना? कंबर सांगा.

---

चढउतार · 3 मे, सकाळी 7.52

93. मांड्या अशा दुखतायत की कचेरीच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरते. शिपाई विचारत होता, मॅडम पडलात का.

---

लाल_माती · 3 मे, सकाळी 8.00

ते दुखणं न्हवं, त्याला अंग भरणं म्हणत्यात. आठ दिवसांत बसंल. मी बी सुरू केलंय परत, 20 बैठका. पोराम्होरं मारतो, त्यो मोजतो आन् हसतो.

---

आयर्विन · 3 मे, सकाळी 9.30

काटा पंधरा दिवस कपाटात ठेवा. मी ठेवला होता. माझं तर जिम लावल्यावर 71 चं 72.2 झालं होतं, रात्रभर झोप नाही. तेव्हा मी जिम सोडणार होते, महिनाभराची फी भरली होती म्हणून गेले. फी वाया जाऊ नये ही भावना आपल्याकडे आरोग्यापेक्षा बळकट.

---

पुण्यात_अडकलेला · 19 मे, दुपारी 12.30

धागा वर काढतोय. काय झालं पुढे? मी मूळ साताऱ्याचा, इथे नऊ तास खुर्चीत. तुमच्या किल्ल्यावर माझा जीव टांगलाय.

---

चढउतार · 7 जून, रात्री 9.05

मुद्दामच महिनाभर लिहिलं नाही. आठवड्याची सरासरी 72.6, कंबर 90.

वजन म्हणाल तर एप्रिलपेक्षा 800 ग्रॅम फक्त. पूर्वी एवढं दीड आठवड्यात उतरायचं. पण परवा भावाच्या लग्नातलं ब्लाउज घातलं आणि हूक लागले. 81 किलोला जे ब्लाउज उसवायचं ठरलं होतं ते. दोन महिन्यांपूर्वी 73.4 ला घालून बघितलं होतं तेव्हा शेवटचे दोन राहिले होते.

खुर्चीवरून उठणं 12 ला पोचलं, मग पाच लिटरचा कॅन छातीशी धरून परत 8 वरून सुरू केलं. ओट्यावरचे जोर आता पलंगाच्या काठावर. पहिल्या दिवशी तीन झाले आणि नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, तू खाली पडणार आहेस की वर येणार आहेस? आता दहा होतात. त्याला म्हटलं तू मार. चार झाले त्याचे.

पावलं 10,900. ऑफिसला पायी जाताना गोडोलीकडून येणारी एक मैत्रीण जोडीला मिळाली, तिच्याशी बोलताना रस्ता कळत नाही. शनिवारचा चार भिंतींचा चढ मात्र जीव घेतो. सहावा फेरा संपतो तेव्हा मला समोरचं शहर दिसत नाही. पण सगळ्या आठवड्यात आवडीचा दिवस तोच झालाय, का ते सांगता येणार नाही.

फसले कुठे तेही लिहिते. मेच्या शेवटी माहेरी आठ दिवस आमरस झाला, मोजला नाही, मोजणारही नव्हते. आणि बुधवारी "काही नाही" ठरलं होतं तरी मी दोनदा किल्ल्यावर गेले, घरी करमेना. शुक्रवारी मग पायांत ताकद नव्हती. गुडघेमित्र, ओरडा.

---

गुडघेमित्र · 7 जून, रात्री 9.50

आमरसाला ओरडणार नाही. बुधवारला ओरडते. विश्रांतीच्या दिवशीच स्नायू भरतो.

चार सेंटीमीटरच्या मानानं 800 ग्रॅम कमी वाटतात, कारण चरबी जात असताना थोडा स्नायू आणि पाणी आलंय. आशियाई बायकांसाठी कंबर 80 च्या आत असावी म्हणतात, अजून रस्ता आहे, पण दिशा बरोबर आहे. कंबर मोजली नसती तर काट्यानं तुम्हाला "काहीच झालं नाही" असं सांगितलं असतं.

---

भौतिकमास्तर · 7 जून, रात्री 10.20

800 ग्रॅमला सहा हजार कॅलरी. 54 दिवसांनी भागा, दिवसाला 110. मधे आमरस आहे हे लक्षात घेता मी ताईंना पैकीच्या पैकी देतो.

---

पुण्यात_अडकलेला · 8 जून, सकाळी 10.00

मी आजपासून दोन थांबे आधी उतरतोय. इथे चढ नाही, जिना आहे. सहा मजले.

---

घाटधावक · 29 जून, सकाळी 7.00

पाऊस लागलाय. किल्ल्याच्या रस्त्याला कडेनं शेवाळ धरलंय, काल एक काका माझ्यासमोर बसले. डांबराच्या मधून चला, उतरताना विशेष. धुक्यात गाडीवाले दिवे लावत नाहीत, अंगात भडक काहीतरी घाला. जोराचा पाऊस असेल त्या शनिवारी घरच्या जिन्यावर करा, एक मिनिट चढ-उतर, दोन मिनिटं जागेवर.

---

चढउतार · 12 जुलै, रात्री 8.45

71.8. कंबर 88.5.

मधे दोन आठवडे 72.3 वर अडकलं होतं. या वेळी धागा काढला नाही, फोनमधली पावलं बघितली. पावसामुळे रिक्षा सुरू झाली होती. छत्री घेतली आणि परत पायी.

आज सकाळी त्या फुलांच्या परडीवाल्या आजी भेटल्या, पावसात, डोक्यावर इरलं घेतल्यासारखा प्लास्टिकचा कागद. मी त्यांच्या मागेच होते. दरवाजापर्यंत गाठलं नाही मी त्यांना.

एक अडचण आहे. कॅनचं हँडल तुटलं. दहा लिटरचा कॅन घ्यावा की सरळ डंबेल आणावेत?

---

गुडघेमित्र · 12 जुलै, रात्री 9.00

पाचावरून एकदम दहा नको. साडेसात किलोचे डंबेल मिळाले तर बघा, एकच घ्या.

---

लाल_माती · 12 जुलै, रात्री 9.04

कशाला पैसं घालताय. जुनी पिशवी घ्या, घरातलं गहू साडेसात किलो मोजून भरा, तोंड घट्ट शिवा. दोन्ही हातांनी ओढता येतंय. हप्त्याला अर्धा किलो वाढवा, आन् सासूबाईंना आधी सांगा, न्हाईतर दळणाला जाईल.